रिकाम्या जात्याचा आवाज

गेल्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सांगलीहून रत्नागिरीस निघालो होतो. भाचीचा साखरपुडा होता. पुढे आम्ही उभयता, मागे आई आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली धाकटी लेक. मलकापूर मागे पडले, आंबा गावात चहा झाला आणि घाट उतरू लागलो. बंद गाडीत आईला मळमळते, म्हणून घाटात वातानुकूलन बंद करून काचा खाली घेण्याचा आमच्याकडे रिवाज आहे. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "आरं, जात्यातलं दाणं संपल्यावर वाजतंय तसं काय वाजाय लागलंय बघ."

मी ऐकले. डाव्या बाजूने, ब्रेकवर पाय ठेवला की तेवढ्यापुरती, जड अशी घरघर येत होती. पाय काढला की थांबत होती. "पावसाचा गंज असतो, आई. दोन वळणांत जाईल," असे मी सांगितले. पुढच्या वळणावर ती घरघर गेली नाही, उलट पायाच्या तळव्याला जाणवू लागली. आईचा स्वर बदलला. "थांब म्हणते न्हवं मी!" रस्ता जरा रुंद होता तेथे गाडी कडेला घेतली.

माझ्या उत्तरातील आत्मविश्वास कोठून आला होता, हे आधी सांगितले पाहिजे, कारण या लेखाचे निमित्त तेच आहे. पाऊस सुरू झाल्यापासून रोज सकाळी गाडी बाहेर काढताना चाकांतून खरखर येत असे. पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. एका जाणकार स्नेह्यांनी सांगितले, की ब्रेकची डिस्क ही बिडाची असते, तिच्यावर रंग वा मुलामा चालत नाही, म्हणून रात्रभर ओली राहिली की तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर धरतो आणि सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक तो थर खरवडून काढतात. हे शंभर टक्के खरे आहे. गाडी धुऊन उभी केली तरी हेच घडते. पण या खऱ्या माहितीने माझे एक नुकसान केले. तिने मला तो आवाज न ऐकण्याची सवय लावली. पंधरा दिवसांत केव्हातरी त्या निरुपद्रवी खरखरीच्या आडून दुसरा आवाज आत आला आणि मी त्यालाही गंज समजून ओळख देत राहिलो. गंजाची खूण अशी, की तो पहिल्या काही ब्रेकांत नाहीसा होतो. फाटकापासून चौकापर्यंत जाईतो जो आवाज गेला नाही, तो गंजाचा नव्हे.

घाटात उतरून पाहिले. डाव्या पुढच्या चाकापाशी जळका, तिखट वास होता. चाकाच्या फटींतून डिस्क दिसत होती. ती गुळगुळीत, चकचकीत. तिला टेकलेला पॅडही चांगला जाडजूड दिसला. महिन्यापूर्वीच एका मोठ्या कार्यशाळेत सर्व्हिसिंग झाले होते आणि तिथल्या कागदावर ब्रेकपुढे बरोबरची खूण होती. मी मनाशी म्हटले, काही खडा अडकला असेल. गाडी दुसऱ्या आणि पहिल्या गिअरमध्ये, जमेल तितका कमी ब्रेक वापरत, साखरप्यापर्यंत आणली. आज विचार करता तेही चुकलेच. चार माणसे गाडीत, एका बाजूस दरी, आणि ब्रेकमधून लोखंडाचा आवाज येत असताना तिथेच थांबून मदत बोलवायला हवी होती.

साखरप्यात रस्त्याकडेच्या एका गॅरेजमधील वयस्कर मिस्त्रींनी माझे सगळे सांगणे ऐकून घेतले, चाकाकडे बाहेरून पाहिलेसुद्धा नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूस वळवायला सांगितले, पोते अंथरून चाकामागे आडवे झाले आणि आत बॅटरीचा झोत टाकला. मग उठून बसत म्हणाले, "बाहेरून सगळेच बघतात, साहेब. मरतो आतला."

चाक काढल्यावर मी ते स्वतः पाहिले. डिस्कची बाहेरची बाजू आरशासारखी होती. आतल्या बाजूवर मात्र ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या पडल्या होत्या, इतक्या खोल की नख अडकावे. बाहेरच्या पॅडवर घर्षणाचा थर भरपूर शिल्लक होता. आतल्या पॅडवर तो उरलाच नव्हता. उरली होती फक्त मागची पोलादी पाटी, आणि ती पाटी बिडाच्या डिस्कवर घासत होती. आईने घाटात दिलेली उपमा किती नेमकी होती, हे तेव्हा कळले. दोन पाळ्यांच्या मध्ये दाणा असतो तोवर जात्याची घरघर मऊ असते. दाणा संपला की दगडावर दगड फिरतो, आणि तो आवाज, जिने जाते ओढले आहे तिला, झोपेतसुद्धा कळतो.

आता हे झाले कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक लहान आणि मध्यम गाड्यांची पुढच्या ब्रेकची रचना हीच आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला कॅलिपर नावाचा एक चिमटा दोन्ही बाजूंनी कवटाळतो. आपली अशी समजूत असते, की हा चिमटा दोन्ही अंगांनी सारखा दाबतो. प्रत्यक्षात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, फक्त आतल्या बाजूस असतो. ब्रेक ऑइलच्या दाबाने तो आतला पॅड डिस्कवर ढकलतो. डिस्क हलत नाही, म्हणून प्रतिक्रियेने आख्खा कॅलिपरच दोन गुळगुळीत पिनांवरून मागे सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला टेकवतो. या दोन पिनांवर ग्रीस असते आणि पाणी-धूळ जाऊ नये म्हणून लहानशी रबरी टोपडी असतात. टोपडे फाटले, आत चिखलपाणी गेले, ग्रीस वाळले, की पिन आवळते. मग कॅलिपर सरकेनासा होतो. बाहेरचा पॅड नुसता पाहुणा म्हणून बसून राहतो, सारे काम आतला करतो, आणि पाय काढल्यावरही तो पुरता सुटत नाही. आमच्या गाडीत खालची पिन इतकी जाम झाली होती, की मिस्त्रींना ती पाना लावून, हळूहळू फिरवत काढावी लागली. हातोडा मारून एवढी वर्षे सरकणारी पिन वाकवू नये, हे ते काम करता करता आपल्या मदतनीस पोराला सांगत होते.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. पॅड संपत आल्याचे गाडी आधी सांगत नाही काय? सांगते. चांगल्या पॅडच्या कडेला स्प्रिंगच्या पोलादाची एक छोटी पट्टी बसवलेली असते. थर झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला स्पर्श करते आणि उंच, बारीक, चिरका असा 'चींऽऽ' आवाज येतो. तो मुद्दाम कानास अप्रिय केलेला आहे. तो ऐकू आल्यावर पुष्कळदा काही शे किलोमीटरची मुदत मिळते. घरघर ही त्यानंतरची पायरी आहे, तिला मुदत नाही. आमच्या पॅडना ती पट्टीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी बदलताना मी स्वस्तातला संच घेतला होता. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट रक्कम पुढे डिस्कमध्ये गेली, ती गोष्ट वेगळी.

म्हणून पहिले कौशल्य आहे ते ऐकण्याचे, आणि ते स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी ओळखणाऱ्या कोणालाही साधेल. रिकाम्या रस्त्यावर, काचा खाली करून, गाणी बंद ठेवून ताशी वीस-तीसच्या वेगाने गाडी चालवा. ब्रेक दाबल्यावरच आवाज येतो, की न दाबताही येतो? हा एकच प्रश्न निम्मे निदान करतो. दाबल्यावरच येणारी जड घरघर म्हणजे बहुधा पॅड किंवा मागच्या ड्रममधील लायनर संपलेले. न दाबता सतत येणारा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज, आणि तोही खडीच्या रस्त्यावरून आल्यावर एकाएकी सुरू झालेला, म्हणजे डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात खडा अडकला असण्याचा संभव मोठा. खडा कधी कधी गाडी थोडी मागे घेतल्याने गळून पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा किंचित वाकवावा लागतो, पाच मिनिटांचे काम. ब्रेकशी संबंध न ठेवता वेगाबरोबर वाढत जाणारी गुणगुण असेल तर संशय बेअरिंगवर घ्यावा. त्याची परीक्षा वळणावर होते. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावे बेअरिंग तपासावे. बेअरिंगचा आवाज घेऊन पॅड बदलणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि पॅडचा आवाज घेऊन बेअरिंग बदलून आलेलीही.

आणखी एक आवाज आहे, ज्याला भिऊन माणसे अपघात ओढवून घेतात. ओल्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरते आणि खडखड-घरघर ऐकू येते. हा ए.बी.एस.चा आवाज. चाक जखडून घसरू नये म्हणून ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडते आणि पुन्हा देते, त्याची ती धडधड असते. आपल्याकडे २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. काही बिघडले असे वाटून चालक पाय उचलतो आणि नेमके तेथेच चुकते. अशा वेळी पाय घट्ट दाबूनच ठेवायचा आणि गाडी वळवत राहायची. घरात नुकतेच गाडी शिकलेले कोणी असेल तर मोकळ्या मैदानात, पाऊस पडून गेल्यावर, कमी वेगात एकदा त्याला हा आवाज मुद्दाम ऐकवावा.

ब्रेकचे काम काय, याचा विचार आपण क्वचित करतो. माणसांसह बाराशे किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती थांबवताना जी उष्णता निर्माण होते तिच्यात जवळजवळ एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत तापेल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. आता तीच मोटार ५०० मीटर खोल घाट उतरते असे धरा. सगळे काम ब्रेकवर टाकले तर अठरा-एक लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची भरलेली बादली, उकळण्याइतकी उष्णता चार चाकांतील त्या मूठभर लोखंडाने पोटात घ्यायची आणि वाऱ्यावर सोडायची. यांतला मोठा वाटा इंजिनाने उचलला तरच ब्रेकचा निभाव लागतो. जुने चालक सांगत, की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. त्यांनी गणित केले नव्हते, पण उत्तर बरोबर होते.

पेट्रोल वाचवण्यासाठी घाट न्यूट्रलमध्ये उतरण्याची खोड मात्र आपल्यातील पुष्कळांना आहे, आणि तिच्याविषयी मला रागच आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर घातलेला असून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर इंधनाचा पुरवठा जवळपास बंदच होतो. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळत राहते. म्हणजे धोका पत्करून वर खर्चही जास्त. इंजिनच बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. ब्रेकला पायाची शक्ती वाढवून देणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वात ओढीवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांत ती शिल्लक संपते आणि पेडल दगडासारखे होते.

तापलेल्या ब्रेकची दुसरी बाजू म्हणजे ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ऑइल कोरडे, नवे असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल एकाएकी तळाला जाते. आवाज काहीच होत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, असे बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. आपण इंजिन ऑइल न चुकता बदलतो आणि हे विसरतो, कारण ते काळे होऊन डोळ्यांत भरत नाही.

याच ऑइलच्या डबीवरून पॅडची झीजही कळते. पॅड झिजतात तसे दट्टे पुढे सरकतात, त्यांच्यामागची जागा ऑइलने भरते आणि बॉनेटखालच्या डबीतील पातळी हळूहळू उतरते. कोठे गळती नसताना पातळी खालच्या रेघेकडे आली असेल तर ते पॅडचे हिशेबपत्रक समजावे. कोणी तत्परतेने वरून ऑइल ओतून पातळी भरली, तर ते पत्रक पुसले जाते. शिवाय पुढे नवे पॅड बसवताना दट्टे मागे दाबले की डबी उतू जाते, आणि हे द्रव रंगावर सांडले की रंग सोलते. आमच्या गाडीत महिन्यापूर्वी हेच 'टॉप-अप' झाले होते. कागदावर तसे लिहिलेही होते. ते वाचून कोणाला, मलासुद्धा, प्रश्न पडला नाही.

ब्रेकच्या आवाजाचा इतिहास ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांच्या ब्रेकमध्ये धातूच्या चकतीवर धातूच दाबला जाई, आणि तो असा किंचाळे की ती कल्पना मागे पडली. त्याच काळात हर्बर्ट फ्रूड हे इंग्लिश गृहस्थ ब्रेकसाठी घर्षणाचे अस्तर करण्याच्या खटपटीत होते. त्यांचा उद्योग १८९७ पासूनचा, आणि त्यातूनच फेरोडो हे नाव पुढे जगभर गेले. डिस्क ब्रेकला प्रतिष्ठा मिळाली ती मात्र १९५३ साली, जॅग्वारच्या मोटारींनी ल मां येथील चोवीस तासांची शर्यत त्यांच्या जोरावर जिंकली तेव्हा. आपल्याकडे अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात चारही चाकांना ड्रमच असत. आजही अनेक मोटारींच्या मागच्या चाकांत ड्रम असतात आणि ते वाईट नव्हेत. त्यांची झीज झाकलेली राहते, एवढाच त्यांचा दोष. ड्रम उघडल्याशिवाय लायनर दिसत नाहीत, आणि ते उघडण्याचा आळस सार्वत्रिक आहे. पावसाळ्यात गाडी हॅन्डब्रेक ओढून आठ-दहा दिवस उभी राहिली तर लायनर ड्रमला चिकटतो. मग निघताना खाडकन आवाज होतो, किंवा चाक फिरतच नाही. दीर्घकाळ गाडी उभी करायची असेल तर सपाट जागी, गिअर घालून, चाकांना दगडाची उटी लावून ठेवावी आणि हॅन्डब्रेक सोडून द्यावा.

घरी काय करावे, असे वाचक विचारतील. माझे मत असे, की पाहावे स्वतः, करावे जाणत्याने. पाहण्यासाठी गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा, हॅन्डब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढच्या चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच जरासे ढिले करा, नंतर पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावा. जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नका. काढलेले चाक कडेने गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवावे, जॅक घसरला तर गाडी त्यावर टेकेल. मग दोन्ही पॅड पाहा, बाहेरचा आणि आतला. पोलादी पाटी धरू नका, फक्त तिच्यावरचा थर मोजा. नवा असताना तो साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो, ३ च्या आसपास आला की बदलण्याची वेळ झाली. आतल्या-बाहेरच्यात मोठा फरक दिसला, तर पॅड कितीही शिल्लक असोत, पिना आवळल्या आहेत. डिस्कवर नख फिरवा. अडकेल अशी चरी किंवा कडेला उंच ओठ असेल तर मिस्त्रींकडून तिची जाडी मोजून घ्या. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याहून ती पातळ झाली असेल, किंवा लेथवर फेस मारल्याने होणार असेल, तर ती टाकूनच द्यावी लागते. आमची टाकावी लागली, आणि नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या. पॅड असोत वा डिस्क, एका आसावर जोडीनेच बदलतात, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगास ओढते.

मिस्त्रींनी काम चालवले असताना मी बाकावर बसून पाहत होतो. त्यांनी काढलेला कॅलिपर नळीवर लोंबकळत न सोडता तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. धुळीवर हवेचा झोत मारायला निघालेल्या पोराला त्यांनी थांबवले आणि ओल्या फडक्याने पुसायला लावले. पूर्वीच्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसांना घातक, आणि आजच्या लायनरची धूळही पोटात घेण्याजोगी नाहीच. पिना घासून, रबराला न खाणारे, उष्णता सोसणारे ग्रीस त्यांवर चोळले, टोपडी नवी घातली. पॅडच्या घर्षणाच्या अंगाला ग्रीसचे बोट लागू दिले नाही. डिस्क त्यांच्याकडे नव्हत्या. त्या रत्नागिरीहून येईपर्यंत दुपार झाली. साखरपुड्याची वेळ टळली. मेव्हण्यांनी गाडी पाठवून आई आणि लेकीला पुढे नेले, आम्ही दोघे मागे राहिलो. सौ. थोडी नाराज होती, पण तिने चरे पडलेली डिस्क हातात घेऊन पाहिली आणि नंतर काही बोलली नाही.

शेवटी चाक बसवल्यावर नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळले. मी चावी लावणार तोच मिस्त्रींनी हात आडवा केला. "आधी पेडल मारा." दट्टे मागे दाबलेले असतात. पहिल्या दोन-तीन दाबांत पेडल पोकळ जाते आणि मग घट्ट होते. हे न करता गाडी गॅरेजबाहेर काढणाऱ्याचा पहिला ब्रेक लागतच नाही, आणि समोर भिंत असते किंवा माणूस. नंतर सपाट रस्त्यावर ताशी पन्नासवरून वीसपर्यंत, न थांबता, दहा-एक वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावून घेतले, मध्ये थोडे अंतर ठेवून, म्हणजे नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांवर नीट बसतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक टाळावा, असेही त्यांनी सांगितले. मजुरी त्यांनी इतकी थोडी मागितली, की मला संकोच वाटला. जास्त दिली तर घेतली नाही.

परत येताना घाट चढायचा होता, तरी आईने काचा खाली घ्यायला लावल्या. आंबा गाव येईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "आता दाणं हाईत जात्यात."

ते दोन जुने पॅड मी मागून आणले आहेत. एकावर सात मिलिमीटर थर आहे, दुसऱ्यावर कोरे पोलाद, उष्णतेने निळसर पडलेले. सर्व्हिसिंगला जाताना ते गाडीत असतात. काउंटरवर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवतो आणि लिहून घेणाऱ्या मुलाला सांगतो, कागदावर खूण करण्याआधी आतला पाहा आणि मला मिलिमीटरमध्ये आकडा लिहून द्या. पहिल्यांदा त्याला ते विचित्र वाटले होते. मागच्या खेपेस मी पिशवी उघडण्याआधीच त्याने कागद पुढे केला. आतला ८, बाहेरचा ८.